तेरेखोलच्या तरीतून गाडी पलीकडे नेताना

वेंगुर्ल्याहून मोचेमाड, आरवली, शिरोडा आणि रेडी ही गावे मागे टाकत दक्षिणेकडे निघालेला रस्ता तेरेखोलच्या किल्ल्याखाली येतो आणि धक्क्यापाशी सरळ पाण्यात उतरतो. समोर नदीचे मुख आणि पलीकडच्या काठावर केरी असते, आणि या दोहोंमध्ये माणसांबरोबर मोटारीही वाहून नेणारी फेरीबोट ये-जा करते. जुनी माणसे अशा नावेला तर म्हणत. रायगडकडे हिलाच जंगलजेट्टी म्हणतात. या बोटीतून स्वतःची गाडी पलीकडे नेणे अवघड मुळीच नाही, परंतु पहिल्यांदा येणारा मनुष्य बहुधा घड्याळ पाहून निघतो आणि तेथेच चुकतो. या रस्त्यावर आधी पाणी पाहावे आणि मग घड्याळ. पुढे जे लिहिले आहे ते सारे या एका गोष्टीभोवतीच फिरते.

आज ही महाराष्ट्र आणि गोवा या दोन राज्यांची सीमा आहे, पण १९ डिसेंबर १९६१ पर्यंत ती दोन देशांची सरहद्द होती. येथे येणाऱ्याला प्रथम एक गोष्ट बुचकळ्यात टाकते. नकाशा पाहिला की नदी हीच सीमा असावी असे वाटते. प्रत्यक्षात मात्र नदी ओलांडण्याआधीच, उत्तर काठावरच, गोवा सुरू होतो, कारण तेरेखोलचा किल्ला आणि त्याखालचे गाव गोव्यात आहे आणि त्याला जमिनीवरून जोडणारा रस्ता केवळ महाराष्ट्रातून येतो. याचे कारण इतिहासात आहे. सावंतवाडीकर सावंत-भोसल्यांचा हा किल्ला पोर्तुगीजांनी १७४६ मध्ये घेतला, तेव्हा समोरचा पेडण्याचा प्रदेश अजून सावंतवाडीकडेच होता. तो पोर्तुगीजांकडे गेला १७८८ मध्ये. म्हणजे मधली बेचाळीस वर्षे उत्तरेला पोर्तुगीज आणि दक्षिणेला सावंतवाडीकर अशी उलटी मांडणी होती, आणि दोन्ही काठ एका सत्तेखाली आल्यावरही किल्ल्याचा तो तुकडा उत्तरेला तसाच राहिला. १५ ऑगस्ट १९५४ रोजी सत्याग्रहींनी याच किल्ल्यावर तिरंगा फडकवला होता.

माझ्या आजीचे माहेर पेडणे महालातले आणि सासर शिरोड्याचे. १९५५ च्या ऑगस्टमधील सत्याग्रहींवर गोळीबार झाल्यानंतर भारत सरकारने सरहद्द बंद केली आणि गोव्याची आर्थिक नाकेबंदी सुरू झाली, तेव्हा तिला माहेरचा गणपती अनेक वर्षे पाहता आला नाही. काठावर उभे राहिले की पलीकडचे माड दिसत, पण जाता येत नसे, असे ती सांगे. आज तिकीट काढून काही मिनिटांत आपण ज्या पाण्यावरून जातो त्याची ही पूर्वकथा गाडी चढवणाऱ्याला ठाऊक असावी, असे मला मनापासून वाटते.

भरती-ओहोटीचा हिशेब

कोकणच्या किनाऱ्यावर एका दिवसात दोन भरत्या आणि दोन ओहोट्या येतात आणि भरतीची वेळ दररोज साधारण पाऊण तासाने पुढे सरकते. मच्छीमारांचा जुना हिशेब सोपा आहे: त्या दिवशीच्या तिथीची पाऊणपट करावी, जो आकडा येईल तितक्या वाजण्याच्या सुमारास पूर्ण भरती असते, आणि तेथून सुमारे सहा तासांनी पूर्ण ओहोटी. पक्ष शुद्ध असो वा वद्य, मोजणी प्रतिपदेपासूनच करायची. चतुर्थीला निघत असाल तर चाराची पाऊणपट तीन. म्हणजे पहाटे तीन आणि दुपारी साडेतीनच्या आसपास भरती, आणि सकाळी नऊ ते साडेनऊच्या दरम्यान पाणी तळाला. अष्टमीला हाच आकडा सहा येतो, पौर्णिमेला आणि अमावस्येला सव्वाअकरा. अर्ध्यापाऊण तासाचा फरक पडू शकतो, आणि नदीत आत जावे तशी भरती आणखी उशिरा पोचते, हे धरून चालावे. ज्यांना पंचांग पाहण्याची सवय राहिलेली नाही त्यांच्यासाठी भरती-ओहोटीची तयार कोष्टके मोबाइलवर मिळतात. फक्त ती मुंबईची न घेता वेंगुर्ले किंवा मुरगाव येथील घ्यावीत.

अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास येते ते उधाण आणि अष्टमीच्या आसपास असतो तो भांग. उधाणात पाणी जितके जास्त चढते तितकेच ते ओहोटीला जास्त खाली जाते, आणि गाडीवाल्याला अडचण होते ती चढलेल्या पाण्याची नव्हे, उतरलेल्या पाण्याची. मुंबईच्या मानाने गोव्याच्या बाजूला हा चढउतार बराच कमी, म्हणजे उधाणात दोन मीटरच्या आसपास असतो. आकडा लहान वाटतो, पण धक्क्याचा उतार सात फुटांना एक फूट असेल तर दोन मीटर पाणी खाली गेल्यावर चौदा मीटर लांबीचा नवा उतार उघडा पडतो, आणि हा सगळा भाग रोज पाण्याखाली राहत असल्याने त्यावर शेवाळ धरलेले असते. भरतीला येणारी गाडी कोरड्या काँक्रीटवरून थेट बोटीत जाते. ओहोटीला येणारी गाडी तीन गाड्यांच्या लांबीइतक्या निसरड्यावरून उतरते. नदीच्या मुखाशी वाळूही साचत असते, त्यामुळे उधाणाच्या ओहोटीत बोट टेकते आणि पाणी वाढेपर्यंत फेरी थांबवावी लागते.

म्हणून माझा सल्ला असा की, शक्य असेल तर भांगाचा दिवस निवडावा. उधाणाच्या दिवशीच जावे लागले तर भरतीच्या आधीचे दोन आणि नंतरचे दोन तास गाठावेत. ज्याला अजिबात थांबता येणार नाही, उदाहरणार्थ ज्याला मोपाच्या विमानतळावरून ठरावीक वेळेचे विमान पकडायचे आहे, त्याने फेरीच्या वाटेला जाऊच नये. नदीवर थोडे वर आरोंदा-किरणपाणी येथे पूल आहे, त्याच्याही वर सातार्डा येथे आणि बांद्याहून पत्रादेवीकडे जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्ग ६६ वरून रस्ता आहेच. यांपैकी कोणत्याही वाटेने पाण्याची वाट पाहावी लागत नाही.

पावसाळ्याविषयी थोडक्यात सांगायचे तर, जून ते ऑगस्ट या काळात नवख्याने पुलानेच जावे. सह्याद्रीत मोठा पाऊस झाला की बांद्याकडून तांबडे पाणी ओंडके आणि झाडांच्या फांद्या घेऊन खाली येते, मुखाशी समोरून लाट असते, आणि अशा वेळी बोट सोडायची की नाही हा निर्णय तांडेलाचा असतो. त्याने नाही म्हटले तर त्याच्याशी हुज्जत घालू नये.

निघण्यापूर्वी

शिरोड्याला पोचल्यावर गाडी थांबवून कोणत्याही दुकानात किंवा चहाच्या टपरीवर ‘तर चालू असा काय?’ एवढे विचारावे. दुरुस्तीसाठी बोट बंद असणे, बदली बोट लहान असल्याने मोटारी न घेणे, या गोष्टी मोबाइलच्या नकाशाला कळत नाहीत. नकाशावर फेरीची रेघ रस्त्याइतकीच सलग दिसते. याच कारणाने, रात्री अनोळखी धक्क्याकडे केवळ नकाशाच्या आवाजावर विसंबून कधीही जाऊ नये. धक्क्याचा उतार अंधारात रस्त्यासारखाच दिसतो आणि भरतीचे स्थिर पाणी ओल्या डांबरासारखे चमकते. शेवटच्या वळणानंतर दिवे लांब टाकून गाडी थांबवावी, खाली उतरून पाणी कोठे आहे ते डोळ्यांनी पाहावे आणि मगच पुढे न्यावी.

कागदपत्रांच्या बाबतीत आज सरहद्दीचे काहीच उरलेले नाही. खासगी गाडीला गोव्यात शिरण्यासाठी परवाना लागत नाही. नोंदणीपत्र, विमा, प्रदूषण नियंत्रण प्रमाणपत्र आणि चालकाचा परवाना एवढे जवळ असावे. डिजिलॉकर किंवा एमपरिवहनमधील प्रती कायद्याने ग्राह्य आहेत, परंतु काठावर नेटवर्क जाते-येते, म्हणून त्या आधीच उतरवून ठेवाव्यात. पिवळ्या पाटीच्या गाडीचे मात्र वेगळे आहे. तिला दुसऱ्या राज्याचा परवाना आणि कर यांची पूर्तता करूनच जावे लागते. गोव्यात स्वतः चालवायला भाड्याने घेतलेली, काळ्या पाटीवर पिवळी अक्षरे असलेली गाडी उलट दिशेने सिंधुदुर्गात आणायची असेल, तर मालकाला आधी विचारावे आणि त्याचे उत्तर लेखी घ्यावे.

सुटे पैसे जवळ ठेवावेत. इंधन शिरोडा सोडण्याआधी पुरेसे आहे ना ते पाहावे, कारण बोट बंद निघाली तर मागे फिरून आरोंद्याच्या पुलाने जाण्याइतके तरी ते हवे.

उतारावर

रांगेत आपला क्रम येण्याआधी गाडी उताराच्या वर, सपाटीवर उभी करून थोडा वेळ पायी खाली जावे. काय पाहायचे? आधीच्या गाड्यांच्या चाकांनी शेवाळ घासून काढलेले दोन पट्टे दिसतात. आपली चाके त्याच पट्ट्यांवर राहिली पाहिजेत. बोटीचा रॅम्प काँक्रीटवर पूर्ण टेकलेला आहे की लाटेबरोबर उचलला जात आहे, हे पाहावे. रॅम्प आणि उतार यांच्यामध्ये किती कोन पडतो आणि आपल्या गाडीचा पुढचा बंपर त्यात घासेल का, याचा अंदाज घ्यावा. खाली बसलेल्या, कमी उंचीच्या गाड्यांचा बंपर नेमका येथेच जातो. अशी गाडी असेल तर खलाशाला सांगून रॅम्पच्या काठाशी फळ्या टाकून घेता येतात, किंवा पाणी थोडे वाढेपर्यंत एक फेरी सोडून देता येते. एक फेरी सोडण्यात कसलाही कमीपणा नाही.

गाडीतील बाकीच्या सर्व माणसांनी उताराच्या वरच उतरावे आणि पायी बोटीत जावे. विशेषतः लहान मुले आणि वृद्ध यांना गाडीत बसवून ठेवू नये, कारण काही झालेच तर मागच्या सीटवरून बाहेर पडायला वेळ मिळत नाही. चालकाने आपला सीटबेल्ट उतारावर काढून ठेवावा आणि खिडकीची काच पूर्ण खाली करावी. रस्त्यावरच्या सवयीच्या हे विरुद्ध आहे, पण पाण्याच्या काठाला नियम वेगळे आहेत.

उतरताना गाडी पहिल्या गिअरमध्ये घालून क्लच पूर्ण सोडावा आणि इंजिनालाच गाडी रोखू द्यावी. ऑटोमॅटिक गाडीत सर्वांत खालचा गिअर निवडावा. ब्रेकवर पाय हलका असावा. शेवाळावर ब्रेक जोरात दाबला की चाके फिरायची थांबतात, पण गाडी थांबत नाही, आणि चाके थांबली की सुकाणूही ऐकत नाही. माझी गाडी एकदा अशीच, ओहोटीच्या वेळी, चार-पाच फूट घसरून रॅम्पच्या कडेला तिरकी टेकली होती. चूक सर्वस्वी माझी होती. खलाशी ‘ब्रेक सोडा’ असे ओरडत असताना मी तो आणखी दाबत होतो. तेव्हापासून मी उतारावर पायापेक्षा गिअरवर भरवसा ठेवतो.

खलाशाच्या हाताकडे पाहावे, आरशाकडे नव्हे. बोटीला दोन्ही टोकांना रॅम्प असेल तर गाडी सरळ आत जाते आणि पलीकडे सरळ बाहेर पडते. एकाच बाजूला असेल तर मात्र जाताना किंवा उतरताना केव्हातरी उलटी घ्यावी लागते, आणि ज्याला उतारावर उलटी घेण्याचा सराव नाही त्याने लाज न बाळगता किल्ली अनुभवी माणसाकडे द्यावी. खलाशी गाडी मध्यावर लावायला सांगतो किंवा एका कडेला, तो बोटीच्या तोलाचा प्रश्न असतो. जड वाहन मध्यावर आणि हलकी वाहने भोवती अशी मांडणी करताना तो आपल्या सोयीचा विचार करू शकत नाही.

बोटीत गाडी थांबली की हातब्रेक ओढावा, गिअरमध्ये ठेवावी, इंजिन आणि दिवे बंद करावेत. रात्री दिवे चालू राहिले तर तांडेलाला समोरचा काठ दिसत नाही, म्हणून हे शिष्टाचारापेक्षा मोठे आहे. चोरीचा भोंगा असेल तर तो निष्क्रिय करावा. बोटीच्या इंजिनाच्या थरथरीने तो वाजत राहतो. दुचाकीवाल्यांनी गाडी गिअरमध्ये घालून बाजूच्या स्टँडवर लावावी आणि हाताने धरून उभे राहावे. सुरक्षा जॅकेटे कोठे आहेत ते पाहून ठेवावे. मग मात्र कठड्यापाशी उभे राहून किल्ल्याकडे आणि केरीच्या सुरूच्या बनाकडे पाहायला हरकत नाही. वेळ थोडा असतो, पण देखावा तसाच आहे.

पलीकडे चढताना

चढताना होणारी चूक वेगळी असते. पुढची गाडी उतार चढून पूर्ण सपाटीवर पोचल्याशिवाय आपली हलवू नये, कारण ती मध्येच अडली तर आपल्याला निसरड्यावर थांबावे लागते आणि तेथून पुन्हा उचलणे कठीण जाते. बहुतेक लहान मोटारींची ओढ पुढच्या चाकांवर असते आणि चढावर गाडीचे वजन मागे सरकते, म्हणून पुढची चाके हलकी होऊन जागीच गरगरतात. अशा वेळी ॲक्सिलरेटर दाबून काही होत नाही. पाय सैल करावा, चाक पकड घेईल इतक्याच हळू वेगाने, पहिल्या गिअरमध्ये, एकसारखी ओढ ठेवावी. मागच्या डिकीत भरलेले जड सामान बोटीवरच पुढच्या सीटपाशी आणून ठेवले तर याचा स्पष्ट उपयोग होतो. प्रवासी येथेही पायीच वर जातील.

केरीच्या धक्क्यावरून रस्ता हरमल, मांद्रे या बाजूला आणि आतून पेडण्याकडे जातो. रस्ते अरुंद आहेत, दुतर्फा घरे आणि माड आहेत, आणि पर्यटकांच्या दुचाकी कोणत्याही वळणावरून येतात, तेव्हा वेग बेताचा ठेवावा. उत्तरेकडून येणाऱ्यांना हे सारे ओळखीचे वाटेल, कारण सागरी मार्गाने येताना आगरदांडा-दिघी, बागमांडला-वेसवी, दाभोळ-धोपावे आणि जयगड-तवसाळ या फेऱ्यांमध्ये त्यांनी गाडी चढवलेली असते. दाभोळच्या खाडीला चिपळूणमार्गे वळसा घातला तर शंभराहून अधिक किलोमीटर पडतात, त्या मानाने तेरेखोलचा वळसा किरकोळ आहे. पण त्या फेऱ्यांचे वेळापत्रक आणि दर येथे गृहीत धरू नयेत. ही बोट गोव्याच्या नदी परिवहन खात्याची आहे आणि तिचे नियम तिचे आहेत.

परतीच्या वाटेवर दारूचा प्रश्न येतो आणि तो अनेकांना महाग पडतो. ज्या बाटलीवर केवळ गोव्यात विक्रीसाठी असे छापलेले असते ती महाराष्ट्रात आणणे हा १९४९ च्या महाराष्ट्र दारूबंदी कायद्याखाली गुन्हा आहे, आणि पकडले गेल्यास बाटलीबरोबर गाडीही जप्त होते. एखादीच आहे, घरच्यासाठी आहे, असे सांगून सुटका होत नाही. आपल्याबरोबर कोणी पाहुणे असतील तर निघण्यापूर्वी त्यांना स्पष्ट विचारावे, कारण तपासणी गाडीची होते आणि उत्तर चालकाला द्यावे लागते.

शेवटच्या फेरीची वेळ केरीला उतरल्याबरोबर धक्क्यावर विचारून घ्यावी आणि तिच्या आदल्या फेरीचाच बेत करावा. त्या दिवशी संध्याकाळी ओहोटी असेल, किंवा गणपती, शिमगा, नाताळ यांची गर्दी असेल, तर परतताना थेट किरणपाणीकडे वळून पुलाने आरोंद्याला यावे. घरी पोचल्यावर दुसऱ्याच दिवशी गाडीची खालची बाजू, चाकांच्या कमानी आणि ब्रेकच्या तबकड्या गोड्या पाण्याने भरपूर धुवाव्यात. उतारावर उडालेले पाणी नदीचे दिसत असले तरी मुखाजवळ ते खारेच असते.